‘मॉडेलशी जुळतं’ या वाक्याचं काय करायचं?

२००८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू सी’मध्ये बीएआरसीच्या बी. के. नायक आणि सहकाऱ्यांचा एक छोटा पेपर आला. प्रश्न असा: प्रोटॅक्टिनियम-२३३ वर न्यूट्रॉन आदळला तर विखंडनाचं क्रॉस सेक्शन, म्हणजे सोप्या भाषेत विखंडनाची शक्यता, किती? थोरियमपासून युरेनियम-२३३ बनताना मध्ये हेच केंद्रक येतं. पण त्याचं अर्धायुष्य जेमतेम २७ दिवस. टार्गेट करून ठेवायचं म्हटलं तरी ते बदलत राहतं.

पेपरमधली युक्ती झकास आहे. मुंबईच्या पेलेट्रॉनवर ३८ एमईव्हीचे लिथियम-६ थोरियम-२३२ वर सोडले. लिथियम-६ म्हणजे ढोबळमानाने अल्फा अधिक ड्यूटेरॉन. अल्फा निसटला तर प्रोटॅक्टिनियम-२३४ तयार होतं, म्हणजे न्यूट्रॉन गिळलेलं २३३च. ड्यूटेरॉन निसटला तर युरेनियम-२३६, म्हणजे न्यूट्रॉन गिळलेलं युरेनियम-२३५. त्या २३५ चं क्रॉस सेक्शन आधीच माहीत आहे. दोघांच्या विखंडनाचं गुणोत्तर काढलं की आपलं उत्तर मिळतं. ११.५ ते १६.५ एमईव्हीचा डेटा असा पहिल्यांदाच हाती आला, आणि एकाच प्रयोगात दोन्ही मोजल्यामुळे डिटेक्टरच्या बऱ्याच चुका आपोआप कटल्या.

माझी हरकत निष्कर्ष कसा वाचला जातो त्यावर आहे. नवा डेटा एम्पायर-२.१९ या कोडशी सुसंगत आहे, ७ ते १० एमईव्हीमधला जुना डेटा नाही, हे पेपर प्रामाणिकपणे सांगतो. घाईतला वाचक म्हणतो: मॉडेल बरोबर, जुना डेटा चूक. पण असं ठरत नाही. साधारण ६ एमईव्हीच्या पुढे केंद्रक आधी एक न्यूट्रॉन टाकून मग फुटू शकतं, आणखी वर गेलं की दोन टाकून. आपण मोजतो ती सगळ्यांची बेरीज. बेरीज बरोबर आली म्हणून प्रत्येक आकडा बरोबर असतोच असं नाही. आणि मतभेद नेमका तिथे आहे, जिथे दुसरी वाट नुकती उघडलेली असते. शिवाय ड्यूटेरॉन आणि अल्फा केंद्रकाला सारखंच स्पिन देत नाहीत. तो फरक गुणोत्तरात आपोआप कटत नाही. एवढ्या ऊर्जेला त्याचा परिणाम कमी असतो हे मान्य, पण किती कमी ते दाखवायला हवं.

एवढा कीस कशाला? रेडिओकेमिकल निदानाचं उदाहरण घ्या. तिथे न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवलेलं यट्रियम-८९ नंतर तपासतात. एक न्यूट्रॉन जास्तीचा निघाला की ८८, त्यातून आणखी एक निघाला की ८७. मारा फार मोठा नसेल तर ८७ भागिले ८८ हे गुणोत्तर म्हणजे दुसऱ्या पायरीचं क्रॉस सेक्शन गुणिले न्यूट्रॉनचा मारा, भागिले दोन. पहिली पायरी चक्क कटून जाते! उरते ती दुसरी, आणि यट्रियम-८८ किरणोत्सारी, अर्धायुष्य सुमारे १०७ दिवस. म्हणून तिथे मॉडेलवर भिस्त. मॉडेलने ते क्रॉस सेक्शन २० टक्के कमी धरलं, तर मारा २५ टक्के जास्त निघतो. प्रयोगशाळेत कितीही काळजीपूर्वक मोजा, ही चूक दिसणार नाही.

त्यामुळे पेपरात ‘जुळतं’ दिसलं की विचारा: कोणत्या ऊर्जेला, कोणत्या घटकांची बेरीज करून, आणि न जुळणारा भाग कुठे आहे? टॅलिस कोड आणि एक्सफॉरचा डेटा दोन्ही फुकट मिळतात. लोणी काळभोरच्या होस्टेलमधल्या लॅपटॉपवरही चालतात. विखंडनाचा अडथळा अर्धा एमईव्ही हलवा आणि बघा, वक्र कुठे हलतो आणि कुठे ढिम्म राहतो. जिथे ढिम्म राहतो, तिथल्या ‘जुळण्या’वरून त्या अडथळ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.