फूटभर तारेचा धडा : पुरा की अपुरा?

अमेरिकन नौदलातील संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर (१९०६–१९९२) व्याख्यानाला जाताना तारेच्या तुकड्यांचे जुडगे बरोबर नेत आणि श्रोत्यांना एकेक तुकडा वाटत. प्रत्येक तुकडा ११.८ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर लांब. हा तुकडा म्हणजे एक नॅनोसेकंद, असे त्या सांगत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात विजेचा संदेश जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकतो. १९८२ साली त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत दिलेल्या एका व्याख्यानाचे चित्रीकरण २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्या निमित्ताने या तारेकडे शिक्षकाच्या नजरेने पुन्हा एकदा पाहावे असे आम्हांला वाटले.

प्रथम गुण. अब्जांश सेकंद ही कल्पना डोळ्यांना दिसत नाही. ती हातात देता येते हे हॉपरबाईंनी दाखवले. मायक्रोसेकंदासाठी त्या ९८४ फूट तारेचे वेटोळे आणत. प्रोग्रॅम लिहिणारा एक मायक्रोसेकंद वाया घालवतो म्हणजे काय फेकून देतो, हे वेटोळे पाहून कळावे हा हेतू. उपग्रहामार्फत संदेश जायला इतका वेळ का लागतो, हेही त्या याच तारेने समजावत.

तारेचा सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच आहे. 'वेग' या एकाच शब्दात आपण दोन राशींची सरमिसळ करतो आणि ही तार त्यांना अलग करते. पन्नास आसनांच्या एका एसटीऐवजी दोन एसट्या सोडल्या, तर नाशिकहून पुण्याला दुप्पट प्रवासी पोहोचतील. पण कोणताही प्रवासी एक मिनिटही लवकर पोहोचणार नाही. इंटरनेटच्या जाहिरातीत 'शंभर मेगाबिट वेग' असे छापलेले असते, ती आसनांची संख्या. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा काळ, म्हणजे विलंब किंवा 'लेटन्सी', हा निराळा आकडा आहे आणि तो जाहिरातीत बहुधा नसतो. आसने पैसे देऊन वाढवता येतात. तारेची लांबी तशी घटत नाही.

आता दोष. आमचा पहिला आक्षेप किरकोळ आहे. तीस सेंटिमीटर हे निर्वात पोकळीतील प्रकाशाचे अंतर. हॉपरबाई 'जास्तीत जास्त' म्हणत. त्यांचे उदाहरण पुढे सांगणारे तो शब्द गाळतात. काचेच्या प्रकाशतंतूत अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच जातो. नॅनोसेकंदाचा तुकडा तिथे २० सेंटिमीटरचा! हा फरक पुस्तकी नाही. शिकागो ते न्यूयॉर्क शेअरबाजाराचे संदेश नेण्यासाठी २०१० मध्ये शक्य तितक्या सरळ मार्गाने प्रकाशतंतू टाकला गेला; जाऊन-येऊन सुमारे १३ मिलिसेकंद लागत. पुढे मनोऱ्यांवरून हवेतून सूक्ष्मलहरी पाठवून हाच काळ नऊ मिलिसेकंदांच्या आत आणला गेला. काचेऐवजी हवा, एवढाच मुख्य फरक.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. विलंब म्हणजे अंतर, अशी समजूत तार करून देते. प्रत्यक्षात रोजच्या विलंबाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो. संगणकाची मुख्य स्मृती प्रोसेसरपासून काही सेंटिमीटरवर असते. तारेच्या हिशोबाने एक नॅनोसेकंद पुरावा. लागतात ५० ते १०० नॅनोसेकंद, कारण स्मृतीतील योग्य रांग शोधून वाचण्यातच वेळ जातो. म्हणून नेहमी लागणारी माहिती प्रोसेसरजवळच्या छोट्या, चपळ 'कॅश' स्मृतीत ठेवतात. घरच्या इंटरनेटचेही तसेच. समजा, राउटरमध्ये २० लाख बिट रांगेत थांबले आहेत आणि बाहेरची वाट सेकंदाला १० लाख बिट नेते. मागून येणाऱ्या संदेशाला दोन सेकंद थांबावे लागेल. तेवढ्या वेळात प्रकाश चंद्राच्याही पलीकडे पोहोचतो! माहिती हरवू नये म्हणून यंत्रांत मोठमोठ्या प्रतीक्षा-स्मृती बसवल्या गेल्या आणि त्यामुळेच दळणवळण तुंबले. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाला 'बफरब्लोट' हे नाव रूढ केले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' हा उपाय मांडला. तो रांगेची लांबी पाहत नाही, थांबण्याचा वेळ पाहतो. तो सतत जास्त राहिला तर काही संदेश टाकून देतो, म्हणजे पाठवणारा आपोआप सबुरीने पाठवतो.

तिसरा आक्षेप : तार फेऱ्या मोजत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजले तर सुमारे १२,५०० किलोमीटर. प्रकाशतंतूतून एका फेरीला, जाऊन-येऊन, किमान १२५ मिलिसेकंद लागणारच. जुन्या पद्धतीत सुरक्षित पान मिळण्याआधी ओळख पटवणे, कुलपाच्या किल्ल्या ठरवणे असे करत चार फेऱ्या होत. म्हणजे अर्धा सेकंद. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या 'क्विक' या नियमावलीत हे काम दोन फेऱ्यांत होते. दुकानदाराला रंग, माप आणि पत्ता कळवायला तीन पत्रे लिहिण्याऐवजी एकच लिहावे, तसे. तार एक इंचही कापली नाही, तरी विलंब निम्मा झाला.

हे सारे शिक्षकाने का जाणावे? भारताने २००४ मध्ये सोडलेला 'एज्युसॅट' हा शिक्षणासाठीचा उपग्रह भूस्थिर कक्षेत, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. अशा उपग्रहावरून शिक्षकाचा प्रश्न मुलापर्यंत जायला पाव सेकंद आणि उत्तर परत यायला पाव सेकंद लागतो. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातील संभाषणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात असे दिसून आले. त्यातला अर्धा वेळ आकाशाने खाल्ला, तर विचार करायला मुलाजवळ उरले काय? आणि २०२० मधील दूरस्थ वर्गांत दोन सेकंदांची रांग ज्या घरी होती, तिथले मूल बोलायला लागण्यापूर्वीच प्रश्न दुसऱ्याकडे गेला असणार. यंत्राचा विलंब मुलाच्या नावावर मांडला गेला. उत्तर उशिरा आले म्हणजे मूल मंद, हा निष्कर्ष भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आणि मुलाच्या दृष्टीने अन्यायाचा आहे.

तेव्हा आमचे मत असे : हॉपरबाईंची तार वर्गात जरूर आणावी, पण एकटी आणू नये. ३० सेंटिमीटरच्या तुकड्याशेजारी काचेसाठी २० सेंटिमीटरचा तुकडा ठेवावा. मग एका विद्यार्थ्याला मधल्या बाकावर 'राउटर' म्हणून बसवावे. त्याने सेकंदाला एकच चिठ्ठी पुढे द्यायची. रिकाम्या बाकावरून चिठ्ठी किती वेळात जाते आणि आधी दहा चिठ्ठ्या साचल्या असताना किती वेळात, हे मुलांनी घड्याळ लावून मोजावे. शेवटी तीन प्रश्न तीन चिठ्ठ्यांवर, उत्तर आल्यावर पुढचा असे पाठवून, आणि नंतर एकाच चिठ्ठीवर पाठवून पाहावेत. अंतर, रांग आणि फेऱ्या या तीन गोष्टी एका तासिकेत हाती लागतील. पहिली निसर्गाने ठरवलेली आहे; उरलेल्या दोन माणसाने केलेल्या आहेत आणि माणसालाच कमी करता येतात. तारेने न शिकवलेला धडा तो हाच.