लांब डावाचे वर्ष

२०२४ हे वर्ष भारतीय बुद्धिबळाच्या इतिहासात पदकांमुळे नोंदले जाईल हे उघड आहे. परंतु पदकांची मोजदाद करणे आणि खेळाची स्थिती जोखणे ही दोन वेगळी कामे असून, दुसऱ्या कामाला हात घालताना ही पदके कोणत्या प्रकारच्या डावांतून आली हे आधी पाहावे लागते. स्पर्धात्मक बुद्धिबळ वेळेच्या हिशेबाने तीन प्रकारांत खेळले जाते: चार-सहा तासही चालणारा पारंपरिक म्हणजे ‘क्लासिकल’ डाव, प्रत्येकी साधारण पंधरा मिनिटांचा जलद डाव आणि प्रत्येकी तीन ते पाच मिनिटांचा अतिजलद डाव. कोनेरू हंपीने डिसेंबरअखेर न्यूयॉर्क येथे दुसऱ्यांदा पटकावलेले जागतिक जलद विजेतेपद वगळले, तर या वर्षाची सारी मोठी कमाई लांब डावाची आहे, आणि वर्षाचे मूल्यमापन याच गोष्टीपासून सुरू व्हायला हवे.

जगज्जेत्याला आव्हान देणारा खेळाडू ठरवणारी आठ जणांची स्पर्धा, म्हणजे ‘कँडिडेट्स’, एप्रिलमध्ये टोरांटो येथे झाली आणि तीत तीन भारतीय पुरुष खेळाडू होते, जे पूर्वी कधी घडले नव्हते. सतरा वर्षांचा दोम्माराजू गुकेश चौदा डावांत नऊ गुण घेऊन पहिला आला. नाशिकचा विदित गुजराथी सहा गुणांसह सहाव्या स्थानी राहिला. गुणतक्त्यातील हे सहावे स्थान विदितच्या खेळाचा न्याय्य आरसा नाही. दुसऱ्या फेरीत अमेरिकेच्या हिकारू नाकामुराविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना, डाव अजून प्रारंभीच्या टप्प्यात असतानाच, त्याने प्रतिस्पर्ध्याच्या राजाजवळचे प्यादे उंटाने मारून तो उंट उघडउघड बळी दिला आणि तीस खेळ्यांच्या आत डाव जिंकला. बुद्धिबळात बळी म्हणजे उदारपणा नव्हे. हातचे मोहरे देऊन वेळ आणि शत्रूच्या राजाभोवतीची मोकळी वाट विकत घेण्याचा तो व्यवहार असतो, आणि इथे तो चोख ठरला. नवव्या फेरीत पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याने नाकामुराला पुन्हा हरवले. दुसऱ्या स्थानासाठी तिघांनी साडेआठ गुणांवर बरोबरी केली, त्यांपैकी एक असलेल्या नाकामुराला अखेरपर्यंत हे दोन डाव नडले. अशा तोडीच्या डावांना लागूनच हातून निसटलेले डाव यावेत, हे विदितच्या खेळाचे जुने दुखणे याही स्पर्धेत दिसले.

सप्टेंबरमधील बुडापेस्ट ऑलिंपियाडने मात्र या दुखण्यावर संघाचे औषध शोधले. ऑलिंपियाडमध्ये प्रत्येक लढतीत चार पटांवर चार डाव एकाच वेळी चालतात, पाचवा खेळाडू राखीव असतो, आणि लढत जिंकल्यास दोन, बरोबरीस एक गुण मिळतो. भारताच्या खुल्या गटातील संघाने अकरा लढतींत दहा जिंकून आणि केवळ उझबेकिस्तानशी बरोबरी करून बावीसपैकी एकवीस गुण मिळवले. महिलांनी एकोणीस गुणांवर सुवर्ण घेतले. दोन्ही गटांत भारताचे हे पहिलेच सुवर्ण होते. गुकेश आणि अर्जुन एरिगैसी यांच्या विजयांची चर्चा स्वाभाविकपणे जास्त झाली. तथापि चौथ्या पटावर दहा डावांत साडेसात गुण मिळवणारा विदित हा संघाचा पाया होता असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये, कारण वरच्या पटांवर धोका पत्करण्याची मुभा खालच्या पटाच्या भरवशावरच मिळते. महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख तिसऱ्या पटावर अकरा डावांत साडेनऊ गुणांसह वैयक्तिक सुवर्णाची मानकरी ठरली. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीनगर येथे तिने वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद मिळवले होते, आणि पुढल्या वर्षी जुलैत बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली, यावरून बुडापेस्टचे यश एका पंधरवड्याच्या बहराचे नव्हते हे दिसते. या महिला संघाचे न खेळणारे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते. आठव्या फेरीत पोलंडकडून हार आणि नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी झाल्यावर दहाव्या फेरीत चीनला हरवणारा संघ उभा करणे ही कर्णधाराची कामगिरी गुणतक्त्यात दिसत नाही.

वर्षाचा कळस सिंगापूरचा. चीनचा तत्कालीन जगज्जेता डिंग लिरेन आणि गुकेश यांच्यातील जगज्जेतेपदाची चौदा डावांची लढत तेरा डावांनंतर साडेसहा-साडेसहा अशी बरोबरीत होती, आणि १२ डिसेंबरचा चौदावा डावही बरोबरीकडे झुकलेला होता. पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट आणि गुकेशचे केवळ एक प्यादे जास्त, अशी ती स्थिती होती. पंचावन्नाव्या खेळीत डिंगने हत्ती माघारी घेऊन हत्तींच्या अदलाबदलीला वाट करून दिली. ती झाल्यावर गुकेशने आपला उंट डिंगच्या कोपऱ्यात अडकलेल्या उंटासमोर आणून ठेवला, तेव्हा उंटांची अदलाबदल टाळण्याचा मार्गच उरला नाही. केवळ राजे आणि प्यादी उरली की एका जास्त प्याद्याचे मोल अनेकपट वाढते, हा अंत्यखेळाचा प्राथमिक धडा इथे जगज्जेतेपदाच्या अखेरच्या डावात गिरवला गेला आणि अठ्ठावन्नाव्या खेळीनंतर डिंगने हार मान्य केली. एवढ्या साध्या चुकीने जगज्जेतेपद ठरावे यावर बरीच टीका झाली. ती टीका पटावरची स्थिती पाहते, घड्याळ आणि थकवा पाहत नाही. प्रत्येकी दोन तासांत चाळीस खेळ्या आणि पुढील खेळ्यांसाठी अर्धा तास, असे अठरा दिवस खेळल्यावर बरोबरीच्या स्थितीतही कोणी खेळत राहतो आणि कोणी सुटकेची वाट पाहतो. गुकेश पहिल्या प्रकारातला निघाला. संगणकाच्या युगात हीच कसोटी शिल्लक आहे. चीन-जपान-कोरियातील गो या एकोणीस गुणिले एकोणीस रेषांच्या पटावरील खेळात २०१६ मध्ये अल्फागो या यंत्राने ली सेडॉल या अव्वल खेळाडूला चार विरुद्ध एक असे हरवले आणि तीन वर्षांनी ली निवृत्त झाला. बुद्धिबळाने यंत्राकडून अव्वल खेळाडू हरण्याचा हा आघात १९९७ मध्येच पचवला होता, म्हणून प्रारंभीच्या खेळ्या यंत्राकडून पाठ करून आलेल्या दोन माणसांची खरी झुंज पाठांतर संपते तिथे सुरू होते, हे त्याच्या रसिकांना आता खटकत नाही.

महाराष्ट्राचा या कलेतील वाटा जुना आहे. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह विभागून घेतले. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये देशाचे तिसरे आणि कुंटे २००० मध्ये चौथे ग्रँडमास्टर झाले. ही नावे मुंबई-पुण्याची, आणि त्यांना सांगली, नागपूर, नाशिक जोडली की राज्याचा बुद्धिबळाचा नकाशा जवळजवळ पुरा होतो. सह्याद्रीच्या कुशीतील महाड आणि पोलादपूर हे तालुके त्या नकाशात नाहीत, आणि याचे कारण बुद्धीच्या वाटणीत शोधण्याची गरज नाही. याच तालुक्यांत कबड्डी गावोगाव रुजली, कारण तिथल्या पोराला रोज संध्याकाळी आपल्यापेक्षा दांडगा गडी समोर मिळतो आणि त्याच्याकडून पकड खाऊनच तो पकड शिकतो. बुद्धिबळातला तसा वडीलधारा, चार तास समोर बसून हरवणारा प्रतिस्पर्धी शहरातल्या मंडळांत भेटतो. तालुक्याच्या ठिकाणी हाताशी असतो तो फोनवरचा तीन मिनिटांचा डाव, जो नजर तयार करतो पण वाट पाहणे शिकवत नाही.

यात २०२४ च्या एका नियमबदलाची भर पडली, ज्याच्याकडे पदकांच्या गजरात फारसे लक्ष गेले नाही. जागतिक संघटना ‘फिडे’ प्रत्येक खेळाडूची ताकद आकड्यात सांगते. त्याला मानांकन म्हणतात. १ मार्चपासून मानांकनाची किमान पायरी १००० वरून १४०० वर आली आणि २००० च्या खालील खेळाडूंना २००० पर्यंतच्या फरकाच्या चाळीस टक्के गुण एकदाच वाढवून देण्यात आले. घसरलेले आकडे सावरायला हे आवश्यकच होते. परंतु यादीत नाव येण्यासाठी आता मानांकित खेळाडूंविरुद्ध किमान पाच लांब डाव १४०० च्या तोडीचे खेळावे लागतात, आणि लांब डाव म्हणजे साठ खेळ्यांसाठी प्रत्येकी निदान तासाभराचा. पायरी उंच झाली ती जिथे मुळात जिना नाही तिथे जास्त जाणवते.

या तालुक्यांना जवळच्या मानांकन स्पर्धा बहुधा मुंबई, ठाणे, पुणे येथे भरतात. महाडहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटर. पुण्याला जवळची वाट वरंध घाटाची आणि पोलादपूरहून साताऱ्याकडची आंबेनळी घाटाची, आणि पावसाळ्यात दरडींमुळे दोन्ही घाट बेभरवशाचे, म्हणजे मग माणगाववरून ताम्हिणीचा फेरा किंवा वीर स्थानकातून कोकण रेल्वे. एका दिवसात दोन फेऱ्या असतील तर पहिली सकाळी लवकर असते, त्यामुळे आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच. तो चाकरमानी काकाच्या खोलीवर झाला तर खर्च वाचतो, एरवी पालकाचा एक रोजगार आणि दोन जणांचे भाडे यांचा हिशेब प्रवेश शुल्काच्या वर जातो. नियम मात्र सर्वांना सारखा आहे. ठरलेल्या वेळी पंच पांढऱ्याचे घड्याळ सुरू करतो, आणि पांढरा खेळाडू अजून लोणेरे फाट्यावर गाडीत अडकलेला असला तरी त्याची मिनिटे जात राहतात; आयोजकांनी आधी जाहीर केलेली मुदत उलटली की एकही प्यादे न हलवता डाव जातो.