‘लॉसलेस’ रांगेची किंमत : प्रायॉरिटी फ्लो कंट्रोलचे टीकात्मक परीक्षण

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी एक कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील एस. एन. बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात आहे. अशा यंत्रांत एकच गणित अनेक नोडांवर वाटलेले असते आणि एका नोडची माहिती थेट दुसऱ्याच्या मेमरीत लिहिली जाते. या पद्धतीला आरडीएमए म्हणतात. इन्फिनिबँड जाळ्यात समोरच्याने ‘जागा आहे’ असे कळवल्याखेरीज पॅकेट निघतच नाही. साधे इथरनेट मात्र बफर भरला की पॅकेट टाकून देते. ही उणीव भरण्यासाठी २०११ मध्ये आयईईई ८०२.१क्यूबीबी हे मानक आले. तेच प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल, थोडक्यात पीएफसी.

कार्यपद्धती

हावड्याला फलाट रिकामा नसला की गाडी आउटर सिग्नलला थांबते. पीएफसी तेच करते. रांग ठरावीक पातळीवर पोहोचली की स्विच मागच्या यंत्राला ‘थांबा’ असा फ्रेम पाठवतो. जुना पॉज फ्रेम संपूर्ण लिंक थांबवत असे. पीएफसी आठ प्राधान्यवर्गांपैकी हवा तेवढाच वर्ग थांबवते. ही त्याची खरी सुधारणा आहे, हे मान्य करून पुढे जाऊ.

आक्षेप पहिला : जागा

‘थांबा’ पोहोचेपर्यंत वाटेतली पॅकेट येतच राहतात. त्यांच्यासाठी राखीव जागा लागते, तिला हेडरूम म्हणतात. १०० गिगाबिट वेग आणि १०० मीटर केबल घ्या. जाण्यायेण्यास १ मायक्रोसेकंद, म्हणजे १२.५ किलोबाइट. दोन्ही टोकांना आधीच निघालेला ९ हजार बाइटांचा एकेक फ्रेम धरा. एकूण ३० किलोबाइटांहून थोडे अधिक, तेही दर पोर्टला आणि दर वर्गाला. केबल १० किलोमीटर केली, तर नुसत्या प्रवासासाठी १.२५ मेगाबाइट लागतात. सॉल्ट लेकमध्येच व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरचे टिअर-२ केंद्र जिनिव्हाजवळच्या ॲलिस प्रयोगाची माहिती हाताळते. एवढ्या दूरच्या वाहतुकीला पीएफसी लावण्याचा विचारही करू नये. तिथे हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवणारी टीसीपीच योग्य.

आक्षेप दुसरा : गर्दी संपत नाही, मागे सरकते

आउटरला एक गाडी अडली की तिच्यामागची, दुसऱ्याच फलाटाची गाडीही अडते. तसेच इथे निर्दोष प्रवाह थांबतात. स्विच वर्तुळात एकमेकांची वाट पाहू लागले, तर डेडलॉक होतो. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी मोठ्या जाळ्यावरचा अनुभव प्रसिद्ध केला. एकच बिघडलेले नेटवर्क कार्ड सतत ‘थांबा’ पाठवून जाळ्याचा मोठा भाग ठप्प करू शकते, असे त्यांनी दाखवले. मानकात वर्ग आठ असले, तरी उथळ बफरमुळे त्यांना दोनच लॉसलेस वर्ग परवडले.

दुसरी बाजू

मग पीएफसी टाकून द्यावे का? २०१८ मध्ये राधिका मित्तल आणि सहकाऱ्यांनी मुळावरच बोट ठेवले. दोष जाळ्याचा नाही, कार्डाचा आहे. एक पॅकेट हरवले की त्यानंतरची सगळी पुन्हा पाठवणारे कार्ड असेल, तरच लॉसलेस जाळे अत्यावश्यक ठरते. कार्डाने फक्त हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवले, तर पीएफसीविना काम भागते. हा युक्तिवाद पटणारा आहे. पण तुमच्या प्रयोगशाळेत जुनी कार्डे असतील, तर पीएफसी लागेलच.

कॉन्फिगरेशन करताना

१. लॉसलेस वर्ग एकच ठेवा. त्याचा क्रमांक सर्व स्विच आणि सर्व्हरवर सारखा हवा. एका ठिकाणी चुकला की हमी संपली.
२. ईसीएनची खूण करण्याची पातळी पीएफसीच्या पातळीखाली ठेवा. पाठवणाऱ्याने आधी वेग कमी करावा. ‘थांबा’ हा शेवटचा उपाय.
३. हेडरूम प्रत्यक्ष केबलच्या लांबीवरून काढा.
४. सतत थांबलेली रांग ओळखून मोकळी करणारा वॉचडॉग चालू ठेवा.
५. पॉज फ्रेमची मोजणी रोज पाहा. ड्रॉप शून्य आणि पॉज लाखो, हे निरोगी जाळे नव्हे.

निष्कर्ष

‘लॉसलेस’ या शब्दाने फसू नका. पॅकेट वाचते, पण वेळ जातो, आणि तो बहुधा दुसऱ्याचा जातो.

स्वाध्याय : ४०० गिगाबिट वेग आणि ३०० मीटर केबलसाठी हेडरूम काढा. ३२ पोर्ट आणि दोन वर्ग धरून एकूण किती बफर लागेल?