नाइटिंगेलबाईंच्या पाकळ्या आणि आपला डोळा

'हातच्या कांकणाला आरसा कशाला' असं आपण म्हणतो. डोळ्यांनी दिसतंय, मग पुरावा कशाला? पण आलेख बघताना डोळा नुसता बघत नाही, तो मापही घेतो. म्हणजे आपण ज्याला प्रत्यक्ष समजतो, त्यात अनुमान मिसळलेलं असतं. आणि सगळी मापं डोळ्याला सारखी जमत नाहीत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची १८५८ सालची प्रसिद्ध आकृती घ्या. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिक कशाने मेले, ते वर्तुळाच्या बारा पाकळ्यांत मांडलं आहे. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. जानेवारी १८५५ या एका महिन्यात रोगांनी २,७६१ माणसं गेली, जखमांनी ८३. सुमारे ३३ पट!

बाईंच्या आधीच्या आकृतीत मृत्युदर मध्यापासूनच्या अंतराने दाखवला होता. अंतर दुप्पट झालं की क्षेत्रफळ चौपट होतं, त्यामुळे फरक फुगून दिसे. पुढे त्यांनी आकडा क्षेत्रफळाला बांधला. हा त्यांचा प्रामाणिकपणा, त्याला माझा नमस्कार.

माझी तक्रार पुढची आहे. ३३ पट क्षेत्रफळाची पाकळी लांबीला जेमतेम पावणेसहा पट होते. आपला डोळा लांबी चटकन पकडतो. मोठं क्षेत्रफळ मात्र आहे त्याहून कमीच धरतो. क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ साली जो क्रम मांडला, त्यात एकाच पायरेषेवरून केलेली तुलना सर्वांत वर आहे, क्षेत्रफळ बरंच खाली. म्हणजे साधा स्तंभालेख काढला असता, तर ते ३३ पट अंगावर आलं असतं. आणि स्तंभ बाईंना परके नव्हते. सैनिक आणि नागरिक यांच्या मृत्युदरांची तुलना त्यांनी आडव्या पट्ट्यांनीच केली होती.

मग ही आकृती फसली का? नाही. वर्षाचं चक्र, थंडीत फुगलेला निळा रंग, आणि शेजारच्या दुसऱ्या वर्तुळात, स्वच्छतेची कामं झाल्यानंतर, आक्रसलेला तोच रंग, हे सगळं एका नजरेत कळतं. 'कधी' आणि 'कशामुळे' ती उत्तम सांगते. 'किती' सांगताना कमी पडते.

गणित बरोबर असूनही बघणाऱ्याच्या मनात मृत्यूंचा आकडा लहान होऊन पोचू शकतो. ज्यांची गणती आपण करतो, त्यांच्यावर तोही अन्यायच, नाही का?