हसता हसता झोप : झोपेच्या वेळची विनोदी बोर्ड बुके

बोर्ड बुक म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, कोपरे गोल कापलेले, लहान मुलाच्या दोन हातांत मावणारे पुस्तक. मूल ते चावते, फेकते, पाण्यात बुडवते, आणि तरीही दुसऱ्या रात्री ते उघडता येते. पाने जाड असल्यामुळे ती थोडीच बसतात, म्हणून लेखकाच्या वाट्याला मोजके शब्द येतात आणि चित्रकाराच्या वाट्याला मोजकी जोडपाने. एक ते चार वर्षांच्या मुलांना झोपवताना वाचायची विनोदी पुस्तके याच आकारात बहरली, मुख्यतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये. त्यांच्यापुढची अडचण मुळातलीच आहे. हसलेले मूल ताजेतवाने होते, आणि पुस्तक तर त्याला निजवण्यासाठी हातात घेतलेले असते. या प्रकारातल्या यशाची आणि अपयशाची कारणे बहुतेक वेळा या एकाच पेचापाशी सापडतात.

या परंपरेच्या मुळाशी असलेले पुस्तक विनोदी म्हणून ओळखले जात नाही. मार्गारेट वाइज ब्राउन यांनी लिहिलेले आणि क्लेमंट हर्ड यांनी चितारलेले ‘गुडनाइट मून’ 1947 साली न्यूयॉर्कमध्ये निघाले. अंथरुणातला एक छोटा ससा खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतो, एवढेच त्यात घडते. रंगीत जोडपानांवरच्या घड्याळात सात वाजल्यापासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत वेळ सरकते आणि खोली पानागणिक काळोखी होत जाते. या संथ लयीत दोन खोड्या लपवलेल्या आहेत. एक उंदीर दर वेळी नव्या जागी बसलेला सापडतो. आणि एका कोऱ्या पानावर, जिथे कोणीच नाही, तिथल्या ‘कोणीच नाही’लाही निरोप दिला जातो. तीन वर्षांचे मूल त्या पानावर हमखास थबकते, मग हसते, पण त्या हसण्याने उठून बसत नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतल्या प्रभावशाली बालग्रंथपाल ॲन कॅरल मूर यांना हे पुस्तक मुळीच रुचले नव्हते. ग्रंथालयाने ते 1972 सालापर्यंत घेतले नाही. पुठ्ठ्याची आवृत्ती तर 1991 साली आली. तिने पुस्तक पाळण्यापर्यंत पोहोचवले, मात्र आकार घटल्यामुळे उंदीर शोधणे अवघड झाले. हा तोटा लहान नाही, कारण तो उंदीर म्हणजे पुस्तकाचा अर्धा विनोद आहे.

सुरुवातीला पुठ्ठ्याच्या पानांवर बहुधा वस्तूंची चित्रे आणि त्यांची नावे असत. गोष्ट, आणि तीही गमतीची, या आकारात सांगता येते हे रोझमेरी वेल्स यांनी 1979 साली मॅक्स नावाच्या सशाच्या चार छोट्या पुस्तकांतून दाखवले. मोठी बहीण रूबी शिकवत राहते आणि मॅक्स स्वतःच्या मर्जीने वागतो. बोलता न येणाऱ्या मुलाची बाजू घेणारा हा विनोद त्या वेळी नवा होता. ब्रिटनमध्ये हेलन ऑक्सनबरी यांनी 1981 पासून याच आकारात काम केले. त्यांची धाकटी मुलगी इसबाने बेजार होती आणि रात्ररात्र झोपत नसे. तिचे मन रमवण्याच्या खटपटीतून या पुस्तकांची कल्पना निघाली. त्यांतली गुबगुबीत, टक्कल असलेली बाळे पडतात, सांडतात, कपड्यांत अडकतात, आणि त्यांना पाहून हसणारे बाळ स्वतःलाच हसत असते.

1982 साली सँड्रा बॉयन्टन यांची पुस्तके आली आणि या प्रकाराला त्याचा स्वभाव मिळाला. त्या शुभेच्छापत्रांवर चित्रे आणि मजकूर करत आल्या होत्या. एका चित्रात आणि एका ओळीत गंमत संपवण्याचा सराव तिथलाच. त्यांचा विनोद कुठून येतो हे समजायला मानसशास्त्रज्ञ पॉल मॅगी यांची मांडणी उपयोगी पडते. 1979 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी मुलांच्या विनोदाच्या पायऱ्या सांगितल्या : आधी वस्तू मुद्दाम चुकीची वापरण्यातली गंमत, मग वस्तूला चुकीचे नाव देण्यातली, आणि त्यानंतर, तिसऱ्या वर्षाच्या आसपास, वस्तूच्या कल्पनेतच विसंगती आणण्यातली. बॉयन्टन यांच्या ‘ब्लू हॅट, ग्रीन हॅट’मधली टर्की पानागणिक कपडे भलतीकडेच घालते, ही पहिली पायरी. ‘मू, बा, ला ला ला!’मध्ये डुकरांच्या तोंडी भलताच आवाज येतो, ही दुसरी. गायीचा हंबरडा नुकताच पाठ झालेल्या मुलाला ही चूक पकडण्यात विलक्षण सुख मिळते. जे ज्ञान कालच हाती आले, त्याच्याशी आज खेळायला मिळते.

बॉयन्टन यांचे ‘द गोइंग टू बेड बुक’ 1982 सालचेच. समुद्रातल्या बोटीवरचे प्राणी आंघोळ करतात, पायजमे चढवतात, दात घासतात आणि मग, सगळे आवरून झाल्यावर, वर जाऊन व्यायाम करतात. आंघोळीनंतर घाम गाळण्याचा हा उलटा क्रम मोठ्यांना खटकतो आणि मुलांना हवा असतो. त्यांच्या अंगातली शेवटची उसळी तिथे पानावरच खर्ची पडते. त्यानंतरची पाने शांत आहेत : दिवे मालवतात, बोट लाटांवर डुलते, शब्द कमी होत जातात. हसू मध्यावर, शेवटी डुलणे. बोर्ड बुकातल्या रचनेचा याहून नेमका नमुना क्वचितच सापडेल.

तरीही कलाकृती म्हणून सर्वांत उंचीवर उभे आहे ते पेगी रॅथमन यांचे 1994 सालचे ‘गुड नाइट, गोरिला’. दोन वर्षांनी ते बोर्ड बुक झाले. पेंगुळलेला प्राणिसंग्रहालयाचा राखणदार एकेका पिंजऱ्यापाशी जाऊन प्राण्यांचा निरोप घेतो. त्याच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा गोरिलाने कधीच लांबवलेला असतो. एकेक दार उघडते, आणि हत्ती, सिंह, तरस, जिराफ, आर्मडिलो अशी वरात राखणदाराच्या मागोमाग त्याच्या घरी, थेट झोपायच्या खोलीत शिरते. पुस्तकातले बोललेले शब्द म्हणजे केवळ निरोप आणि प्राण्यांची नावे. बाकी सगळे चित्रांत आहे : किल्लीचा रंग पिंजऱ्याच्या रंगाशी जुळतो, एक उंदीर दोरीला बांधलेले केळे गोष्टभर ओढत नेतो, निसटलेला फुगा पानागणिक दूर जातो. राखणदाराची बायको दिवा मालवून नवऱ्याचा निरोप घेते आणि काळोखातून तिला अनेक आवाजांत उत्तर मिळते. पान काळे होते. पुढच्या पानावर त्या काळ्यात तिचे विस्फारलेले डोळे तेवढे दिसतात.

ही जागा पुन्हा पुन्हा वाचूनही शिळी होत नाही, कारण तिथे मुलाला मोठ्यांपेक्षा जास्त माहीत असते. दीड-दोन वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात असा प्रसंग जवळजवळ येत नाही. शिवाय पुस्तकातला विनोद ज्या काळोखात फुटतो, तोच काळोख खोलीत थोड्या वेळाने होणार असतो. मुलाला वाटणारी अंधाराची भीती इथे उपदेशाशिवाय हलकी होते.

थोड्या मोठ्या, म्हणजे बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी विनोदाचा विषय बदलतो. तिथे मध्यवर्ती असते चालढकल. मो विलेम्स यांच्या 2006 सालच्या ‘डोंट लेट द पिजन स्टे अप लेट!’मधले कबूतर जागे राहण्यासाठी एकामागून एक सबबी काढते, आणि त्याला नाही म्हणण्याचे काम ऐकणाऱ्या मुलावर सोपवलेले असते. रोज नकार ऐकणारे मूल एका पुस्तकापुरते आईबापांच्या खुर्चीत बसते. जेन योलेन आणि मार्क टीग यांच्या 2000 सालच्या ‘हाउ डू डायनोसॉर्स से गुड नाइट?’मध्ये खोली भरून टाकणारे डायनोसॉर माणसांच्या आईबापांपुढे पाय आपटतात. दोन्ही पुस्तके मुळात कागदी पानांची आणि मोठ्या आकाराची आहेत. डायनोसॉरची गंमत तर त्याच्या प्रचंडपणातच आहे. अशी चित्रे तळहाताएवढ्या पानावर आणली की गोष्ट उरते आणि धाक जातो. गाजलेले पुस्तक आक्रसवून पुठ्ठ्यावर छापण्याची आजची सर्रास पद्धत म्हणूनच तपासून पाहायला हवी.

पुस्तकांची संख्या वाढण्यामागे चांगली कारणेही आहेत. ब्रिटनमध्ये 1992 साली बर्मिंगहॅमपासून ‘बुकस्टार्ट’ हा बाळांना पुस्तके देणारा उपक्रम सुरू झाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली जन्मापासूनच मोठ्याने वाचून दाखवण्याची शिफारस केली. पण वाढलेल्या मागणीबरोबर साचाही पक्का झाला. एखादा प्राणी, वाहन किंवा शहर घ्यायचे आणि त्यातल्या एकेका गोष्टीचा निरोप घ्यायचा, असे ‘गुडनाइट’चे असंख्य अवतार निघाले. दुसरी वाट पालकांना हसवण्याची. ॲडम मॅन्सबॅक यांनी 2011 साली झोपेच्या पुस्तकाचे जे शिवराळ विडंबन लिहिले, ते उघडपणे दमलेल्या मोठ्यांसाठी होते आणि त्या अर्थाने प्रामाणिक होते. खरा प्रश्न आहे तो अभिजात कादंबऱ्या किंवा पुंज भौतिकी बाळांच्या पुठ्ठ्यावर आणणाऱ्या पुस्तकांचा. त्यांतली गंमत विकत घेणाऱ्याला कळते. मांडीवरचे मूल हसते ते फक्त मोठे हसले म्हणून. दुसऱ्या टोकाला स्वीडनच्या कार्ल-योहान फोर्सेन एरलिन यांचे झोपू पाहणाऱ्या सशाचे पुस्तक आहे. ते संमोहनासारख्या सूचनांनी मुलाला निजवू पाहते आणि विनोदाला जागाच ठेवत नाही. या दोन्हींपेक्षा ख्रिस हॉटन यांचे ‘गुडनाइट एव्हरीवन’ (2016) जास्त आश्वासक वाटते. त्यात जांभई एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि वाचता वाचता ऐकणाऱ्यालाही लागते. तिथे गंमत आणि झोप यांच्यातले भांडणच मिटते.

मराठीत या वयासाठी मौखिक विनोद अमाप आहे, पण झोपेचे विनोदी बोर्ड बुक जवळजवळ नाही. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांनी घरातल्या साध्या प्रसंगांतली गंमत उत्तम टिपली, पण ती थोड्या मोठ्या मुलांसाठी आणि कागदी पानांवर. जाड पुठ्ठा, लॅमिनेशन आणि कोपऱ्यांची कापणी यांचा खर्च लहान आवृत्तीला परवडत नाही, हे एक कारण. दुसरे कारण झोपण्याच्या रीतीत आहे. इंग्रजी पुस्तकातले मूल बहुधा स्वतःच्या खोलीत, दिव्याखाली, एकटे झोपायला निघते आणि त्या विरहाची ते टाळाटाळ करते. मराठी मूल बहुधा आजीच्या किंवा आईच्या कुशीत, दिवा घालवल्यावर गोष्ट ऐकते. अंधारात चित्रे दिसत नाहीत, म्हणून सगळी गंमत आवाजात साठली.

ही गंमत पुठ्ठ्यावर येऊ शकते. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा भिजत दाराबाहेर उभा असतो आणि चिमणी दर वेळी बाळाचे नवे काम काढून दार उघडणे लांबवते. विलेम्स यांच्या कबुतराची चालढकल इथे घरातल्या आईकडे आहे. न्हाऊ घालणे, तीट लावणे, झोपवणे हा बाळाच्या आवराआवरीचा क्रमच त्या सबबींत येतो. एक सबब एका जोडपानावर बसते आणि पान हेच दार होते, ते मुलाने स्वतः उलटायचे. काही घरांत कावळ्याला तव्याचा चटका बसतो, तो शेवट झोपेच्या पुस्तकात ठेवावा का याचा विचार मात्र चित्रकाराला करावा लागेल. कापूसकोंड्याची गोष्ट त्याहून अवघड आहे. मूल जे बोलेल तेच त्याला परत ऐकवून गोष्ट सांगू का असे पुन्हा विचारायचे, असा तो न संपणारा खेळ आहे आणि त्याला शेवटचे पानच नाही. तिच्यासाठी घडीची पट्टी करून शेवटचे पान पहिल्याला चिकटवावे लागेल. पुठ्ठ्यात ते जमते.