शेवाळ, तृण आणि रिकामा चिखल

मराठीत पाण्याखाली जे जे हिरवे दिसते त्याला ‘शेवाळ’ म्हणण्याचा प्रघात आहे. विहिरीच्या पायरीवरचा बुळबुळीत थर, तळ्यातील तंतू, खाडीच्या ओहोटीत उघडी पडणारी इवली पाने, ह्या सर्वांना हा एकच शब्द पुरतो. नित्याच्या व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. परंतु जेथे एखाद्या जलवनस्पतीचा अधिवास मोजावयाचा, आणि तो नष्ट झाला असल्यास पुन्हा उभा करावयाचा असतो, तेथे शब्दाची ही सैल व्याप्ती विचारालाही सैल करते.

शैवाल म्हणजे खरे मूळ, खोड व फूल नसलेला जीव; समुद्रतृण ही सपुष्प वनस्पती होय. तिला मुळे असतात, चिखलात आडवे पसरणारे खोड असते, फुले व बीजे येतात. मौज अशी की, संस्कृतातील ‘शैवल’ हा शब्द ह्या बाबतीत आजच्या मराठीहून अधिक नेमका दिसतो. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकात वल्कल नेसलेल्या शकुंतलेला पाहून दुष्यंताला शैवलाने वेढलेल्या कमळाची आठवण होते, मोनियर विल्यम्सच्या कोशाने ह्या शैवलाची ओळख ‘ब्लिक्सा ऑक्टँड्रा’ अशी दिली आहे. ही ब्लिक्सा, पैठणच्या नाथसागरातील व्हॅलिस्नेरिया आणि पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांतील हॅलोफिला बेकारी ह्या तिन्ही वनस्पती हायड्रोकॅरिटेसी ह्या एकाच कुलातील आहेत. घोटाळा केवळ मराठीचा आहे असेही नव्हे. इंग्रजीत ‘ईलग्रास’ हे नाव उत्तरेकडील थंड समुद्रातील झोस्टेरा मरिनाला जसे आहे, तसेच गोड्या पाण्यातील व्हॅलिस्नेरियालाही आहे. आणि ह्या दोहोंची कुले भिन्न आहेत.

नावापुढचा प्रश्न महत्त्वाचा : ह्या तृणावर काय काय अवलंबून असते? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन ह्यांनी असे प्रतिपादिले की, ईलग्रासचा कुजलेला पाला हाच त्यांच्या देशातील उथळ समुद्राच्या अन्नाचा मूलाधार होय. १९३० नंतरच्या काही वर्षांत अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर हे तृण रोगाने जवळजवळ नाहीसे झाले. सिद्धान्त खरा असता तर मत्स्योत्पादन कोसळावयास हवे होते. अपेक्षेइतके ते कोसळले नाही. म्हणून तृण निरर्थक ठरले काय? मुळीच नाही. त्यावर चरणारे ब्रेंट हंस झपाट्याने घटले. व्हर्जिनियाच्या किनारी उपसागरांतील स्कॅलप शिंपल्यांचा धंदा बुडाला. केवळ ह्याच पानांवर राहणारी एक गोगलगाय जगातून नाहीशी झाली. ‘सर्व काही ह्यावर अवलंबून आहे’ असे म्हणणाऱ्याची चूक झाली, तशी ती ‘ह्यावाचून काही अडले नाही’ असे म्हणणाऱ्याचीही झाली असती. कोणाचे अडले, हे वेगवेगळे मोजावे लागते.

पुनर्लागवडीचे सर्वांत गाजलेले उदाहरणही व्हर्जिनियाचेच. तेथे शतकाच्या आरंभापासून सात कोटींहून अधिक बीजे सुमारे २०० हेक्टरांत पेरली गेली आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे तृण सुमारे ३,६०० हेक्टरांत पसरले. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्यामागील अट मात्र क्वचितच सांगितली जाते. तेथील पाणी स्वच्छ होते, उणीव केवळ बीजांची होती. शेजारच्या चेसापीक उपसागरात उलट घडले : तेथे नत्रादी द्रव्यांचा भार कमी केल्यावर जलतृणे मुख्यतः आपण होऊनच परतली. कारण उघड आहे. पृष्ठभागावरील प्रकाशाच्या सरासरी ११ टक्के तरी प्रकाश समुद्रतृणाला तळाशी लागतो; गढूळ पाण्यात कितीही पेरले तरी ते जगत नाही.

ह्या कसोटीवर आपल्या किनाऱ्याकडे पाहिले म्हणजे उणीव ध्यानात येते. झोस्टेरा मरिना भारतात नाही. आपल्या खाड्यांचे तृण म्हणजे प्रामुख्याने हॅलोफिला बेकारी. जगतप व उंटवाले ह्यांनी गोव्यातील मांडवीच्या खाडीत तिचा अभ्यास करून तो १९८१ साली प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात ‘असुरक्षित’ गणली आहे. तिची पाने बोटाच्या पेराएवढी. ती कांदळवनाच्या पुढच्या चिखलात उगवते, आणि गढूळ खाडीत उपग्रहाला ती सहसा दिसत नाही. कांदळवन मात्र दिसते. त्याचे क्षेत्र दर वनअहवालात मोजले जाते, महाराष्ट्रात २०१२ पासून त्यासाठी स्वतंत्र कक्ष आहे, आणि त्याचे रक्षण झाले हे इष्टच झाले. परंतु जे मोजले जाते तेच लावले जाते, हा धोका येथे आहे. कांदळरोपांसाठी ‘रिकामा’ चिखल शोधला जातो. फिलिपाईन्समध्ये अशाच रिकाम्या मानलेल्या जागी, म्हणजे तृणांच्या अधिवासावर, रोपे लावली गेली. ती बहुतांशी मेली, आणि तृणही दुखावले. ज्या भाषेत ह्या तृणाला स्वतःचे नाव नाही त्या भाषेतील अहवालात तो चिखल रिकामाच लिहिला जाणार.

हा प्रश्न औरंगपुऱ्यातील वाचकास परका वाटू नये. शहराचे सांडपाणी घेऊन खाम गोदावरीकडे जाते, आणि १९७६ साली पूर्ण झालेल्या नाथसागराच्या तळाशी व्हॅलिस्नेरिया आहे. तिचे मादीफूल लांब देठावर पृष्ठभागी येते, नरफुले तळाशी सुटून वर तरंगत तेथवर पोहोचतात. हे सारे घडावयास पाणी पारदर्शक हवे. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. साहजिकच लक्ष पक्ष्यांच्या गणनेकडे अधिक जाते. ते पक्षी ज्यावर चरतात त्या पाणवनस्पती पुन्हा ‘शेवाळ’ ह्या नावाखालीच जातात. मोजमापाचे साधन दुर्मीळ नाही. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडावी व ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवावी. असे खामेच्या मुखाशी आणि पैठणच्या धरणाशी दर महिन्याला, पावसाळ्यातही. सरस्वती भुवनपासून पैठण पन्नासेक किलोमीटरांवर आहे.