नामवंत माजी विद्यार्थी : एका यादीची समीक्षा

यादी ही निरुपद्रवी गोष्ट आहे असा आपला समज असतो. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, आत्मकथनांवर तर आपल्याकडे चर्चासत्रांमागून चर्चासत्रे झाली. यादीची समीक्षा कोणी करीत नाही. परंतु कोणाचे नाव घ्यायचे, कोणाचे गाळायचे आणि घेतलेल्या नावापुढे काय लिहायचे हे ठरविणारी एक दृष्टी प्रत्येक यादीमागे उभी असते. त्या दृष्टीची तपासणी करणे हे समीक्षेचेच काम आहे.

मला हे सुचण्याचे निमित्त साधे आहे. मूल्यांकन समिती येणार म्हणून मी शिकवितो त्या महाविद्यालयात ‘नामवंत माजी विद्यार्थी’ असा फलक लावायचे ठरले आणि नावे जमविण्याचे काम माझ्याकडे आले. रकाने ठरलेले होते : नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, आजचे पद. आमचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न, मीही त्याच विद्यापीठाचा पदवीधर. तेव्हा लहान यादी करण्यापूर्वी मोठी यादी पाहावी, म्हणून मी विद्यापीठाच्या थोर पदवीधरांची नावे एका कागदावर मांडली. तो कागद जसजसा भरत गेला तसतसा माझा त्याच्याशी वाद सुरू झाला.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते उभे राहिले, म्हणजे परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते. शिकवीत असत ती संलग्न महाविद्यालये. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचा विभाग काढून विद्यापीठाने स्वतः शिकवायला सुरुवात केली ती १९१९ साली. म्हणजे पहिली साठ वर्षे विद्यापीठाने माणसे ‘घडविली’ असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. विद्यापीठाने त्यांची परीक्षा घेतली.

१८६२ साली पहिले चार बी. ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे तेलंग, फिरोजशहा मेहता, आगरकर, टिळक, गोखले. या माणसांचे कर्तृत्व कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. रानडे न्यायमूर्ती झाले, भांडारकर पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ते त्यांच्या विद्वत्तेमुळेच. पण पहिले चारही पदवीधर उच्चवर्णीय होते, हा योगायोग नव्हता. त्याचे कारण ज्याने सांगितले तो माणूस या यादीत नाही, कारण त्याच्याकडे पदवी नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले की, सरकारचा महसूल कष्टकरी शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. विद्यापीठाच्या हिशेबाचे पहिले परीक्षण एका बिनपदवीधराने केले, असे म्हणावे लागते.

पहिल्या पदवीधरांनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९१२ साली, भीमराव रामजी आंबेडकर बी. ए. झाले. आज कोणतीही यादी या नावावाचून पुरी होत नाही. विद्यापीठाला या नावाचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण यादीच्या तीन रकान्यांत काय लिहिले जाते? आंबेडकर, १९१२, घटनेचे शिल्पकार. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले ते पाहू.

१९०७ साली मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. गुणवत्ता यादीच्या हिशेबाने हा विद्यार्थी कोठेच बसत नाही. या गुणांचे मोल कळायचे तर परळच्या चाळीतली ती एकच खोली पाहिली पाहिजे. वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग अभ्यासासाठी मुलाला उठवीत आणि त्याच्या जागेवर आडवे होत. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात आणि त्यांचे दागिने गहाण टाकून पैसे उभे करीत. शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. मॅट्रिक झाल्याबद्दल सत्काराची सभा झाली, तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. त्यांच्या खटपटीमुळे पुढे सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडे दिले. त्याच महाविद्यालयातल्या उपाहारगृहाच्या चालकाने पाणी दिले नाही.

एकाच इमारतीत पुस्तक मिळते आणि पाणी नाकारले जाते. पुढे कोलंबियाहून परत आल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हाही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पदवी होती, परदेशी शिक्षण होते, पद होते आणि पाण्याचा प्रश्न जिथल्या तिथे होता. यादीच्या तिसऱ्या रकान्यात ‘प्राध्यापक’ एवढेच येते. तो माठ तेथे येत नाही.

हे केवळ आपल्यापुरते आहे असेही नाही. कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी. परीक्षेतील यशावर त्यांना विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. इतरांनी जमविलेल्या मदतीवर त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली आणि त्या परीक्षेची पदवी हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांचे हे अंतर कोणत्या रकान्यात लिहायचे?

यावरून माझा पहिला आक्षेप स्पष्ट व्हावा. व्यवस्थेने ज्यांना अडविले त्यांच्या यशाचे श्रेय यादी व्यवस्थेच्या खात्यावर जमा करते, आणि ज्यांनी खरोखर किंमत मोजली त्यांना खात्यातून वगळते. दागिने देणाऱ्या बहिणी आणि रात्र जागणारा बाप नामवंत नसतात.

दुसरा आक्षेप अधिक वाङ्मयीन आहे. विद्यापीठे आज काय शिकवतात? अण्णा भाऊ साठे, बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ. ‘फकिरा’ १९५९ चा, ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चा, ‘गोलपिठा’ १९७२ चा. यांच्यावर प्रबंध लिहून कितीजण डॉक्टर झाले! पण या तिघांपैकी एकही पदवीधर नव्हता. म्हणजे ज्यांना विद्यापीठाने काही दिले नाही, त्यांनी विद्यापीठाला अभ्यासक्रम दिला. ‘नामवंत’ या शब्दाची व्याख्या पदवीवरून करायची की ज्ञाननिर्मितीवरून, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

मग पदवीधराची वाटचाल सांगण्याचा योग्य प्रकार कोणता? माझे उत्तर असे की तो आपल्या साहित्याने कधीच शोधून काढला आहे. कुमुद पावडे संस्कृत घेऊन एम. ए. झाल्या. यादीत एवढे पुरे. पण ‘अंतःस्फोट’ (१९८१) मध्ये त्यांनी लिहून ठेवले आहे की संस्कृतच्या प्राध्यापकीचे दार उघडले ते आंतरजातीय विवाहानंतर, सवर्ण आडनाव लागल्यावर. नरेंद्र जाधव मुंबई विद्यापीठात शिकले, रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ झाले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परंतु १९९३ साली पुस्तक लिहिताना त्यांनी नाव दिले ‘आमचा बाप आन् आम्ही’. बाप आधी, ‘आम्ही’ नंतर. मुंबई बंदरात राबलेला एक कामगार येथे पहिल्या क्रमांकावर येतो. यादीने जो क्रम उलटा केला होता तो या शीर्षकाने सुलटा केला. आत्मकथन म्हणजे दुःखाचे भांडवल, अशी टीका आपल्यावर होत आली आहे. मला वाटते, आत्मकथन हे हिशेबाचे पुस्तक आहे. कोणाचे किती देणे आहे हे तेथे लिहिलेले असते.

तथापि बोट केवळ प्रस्थापितांकडे दाखवून आपली सुटका होणार नाही. आपल्या वस्त्यांतही आता याद्या लागतात. जयंतीच्या फलकावर अमुक साहेब, तमुक अधिकारी. डॉ. भालचंद्र मुणगेकर २००० साली मुंबई विद्यापीठाचे पहिले दलित कुलगुरू झाले तेव्हा आम्हांला आनंद झाला. १८५७ पासून १४३ वर्षे गेली होती, आनंद होणारच. पण आपली यादीही पद मोजते, तेव्हा ती त्यांचीच यादी असते. बाबासाहेबांनी स्वतःच्या पदवीचे काय केले? १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी विद्यापीठाच्या कारभारात मागासलेल्या वर्गांना स्थान मागितले. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि ते सकाळी भरविले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या मुलाने शिकावे. स्वतः चढलेल्या जिन्याला त्यांनी दुसऱ्यांसाठी पायऱ्या जोडल्या. आणि १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला त्यांनीच शिकलेल्यांनी दगा दिल्याची खंत बोलून दाखविली. ती खंत आपल्या यादीला लागू पडते की नाही, हे ज्याचे त्याने तपासावे.

मी स्वतःपासून सुरुवात केली. माझे नाव फलकावर घालायचे ठरले तर पदाच्या रकान्यात ‘प्राध्यापक’ लिहावे लागेल. मी सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवितो. तास झाला तर पैसे, सुटी लागली की काही नाही. हे त्या एका शब्दात दिसणार नाही. थोरला भाऊ नववीतून गॅरेजवर गेला म्हणून मी बारावी झालो, हेही दिसणार नाही. आई नगरपालिकेत झाडू मारीत असे. पदवीदान समारंभाला जायचे म्हणजे तिचा एक दिवसाचा पगार बुडणार होता, म्हणून आम्ही गेलो नाही. प्रमाणपत्र नंतर खिडकीवरून घेतले.

म्हणून मी कागदावर चौथा रकाना आखला : ‘कोणाच्या कष्टावर’. माजी विद्यार्थ्यांना फोन करून विचारू लागलो. एक नायब तहसीलदार बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, बहिणीचं नाव लिहा. तिची शाळा माझ्यासाठी सुटली.” एका परिचारिकेने मावशीचे नाव दिले. एकाने विचारले, हे कशाला हवे? त्याचा राग मी समजू शकतो. सगळ्यांनाच मागे वळून पाहणे परवडत नाही.

फलक लागला तेव्हा रकाने तीनच होते. जागा पुरत नव्हती असे मला सांगण्यात आले. चौथा रकाना माझ्या वहीत आहे आणि त्यात आतापर्यंत एकतीस नावे झाली आहेत. ज्या महाविद्यालयांत आपले शिक्षक आणि विद्यार्थी आहेत तेथे त्यांनी हे काम करून पाहावे. विद्यापीठांचा इतिहास इमारतींच्या आणि पदव्यांच्या आधारे पुष्कळ लिहून झाला आहे. या वह्यांच्या आधारे तो अजून लिहिला जायचा आहे, आणि ते काम आपल्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही.